लॉगिन होतंय, पण शेअर उघडत नाही

ऑफिसातले सगळे विंडोज पीसी डोमेनवर (ऑफिसच्या सामाईक खात्यांच्या नेटवर्कवर) बिनबोभाट लॉगिन होत होते, पण लिनक्सवरच्या फाइल सर्व्हरचा शेअर (सामाईक फोल्डर) उघडला की पासवर्ड मागायचा आणि बरोबर पासवर्डही नाकारायचा. सगळ्यांनी परवानग्यांवर संशय घेतला. साहजिकच, नेहमी तिथेच घोळ असतो.

सांबाच्या (लिनक्सवरून विंडोजला फाइल्स देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लॉगमध्ये मात्र स्वच्छ लिहिलं होतं: ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’, म्हणजे घड्याळांत फार फरक. कर्बेरॉस हा डोमेनवर ओळख तपासणारा प्रोटोकॉल मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतो. आमचा डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) ७ मिनिटं मागे होता. पीसी त्याच्याकडूनच वेळ घेतात, म्हणून तेही तेवढेच मागे, आणि लॉगिन सुरळीत! लिनक्स सर्व्हर इंटरनेटवरून बरोबर वेळ घेत होता, म्हणून तोच गुन्हेगार ठरला.

डोमेन कंट्रोलर हायपर-व्हीवर होता, म्हणजे होस्ट म्हणवणाऱ्या खऱ्या मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन (व्हीएम). वेळेचा स्रोत विचारला तर उत्तर आलं होस्टचं, आणि होस्टचंच घड्याळ मागे. त्या व्हीएमचं ‘टाइम सिंक्रोनायझेशन’ बंद केलं, पीडीसी एम्युलेटरला (डोमेनला वेळ पुरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरला) बाहेरचा एनटीपी, म्हणजे वेळ सांगणारा, सर्व्हर दिला, फायरवॉलवर त्यासाठी लागणारा यूडीपी १२३ पोर्ट मोकळा केला. लिनक्सच्या क्रोनीलाही (वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामलाही) आता डोमेन कंट्रोलरकडेच बघायला लावलंय. होस्टचं घड्याळ सर्वांत शेवटी लावलं.