गाताना चेहऱ्याचं काय करायचं?

माझ्या हार्मोनियमवर एक हातआरसा कायम असतो. नवा विद्यार्थी तो बघून बावचळतो. त्याला वाटतं, बाई आता हसऱ्या चेहऱ्याने गायला सांगणार. तसं काही नसतं. चेहऱ्याचे काही भाग आवाज घडवतात, तर काही नुसते त्रास दाखवतात. कुठला भाग कुठल्या जातीचा, एवढंच आधी ओळखायचं असतं.

ओठांपासून सुरुवात करा. मध्य सप्तकातला सोयीचा सूर 'आ'कारात धरा. त्याच श्वासात ओठ हळूहळू हसल्यासारखे फाकवा, मग 'ओ' म्हणताना होतात तसे पुढे काढा. हे फोनवर रेकॉर्ड करा, कारण गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येतो आणि गाता गाता फरक नीट कळत नाही. नंतर ऐकाल तेव्हा सूर तोच असेल, पण आवाज आधी उजळ, मग गडद झालेला असेल. सुराची उंची स्वरतंतू ठरवतात, रंग त्यांच्या वरच्या पोकळीत ठरतो. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही वाट प्रौढ पुरुषांत साधारण १७ सेंटीमीटर असते, स्त्रियांत थोडी कमी. ओठ फाकले की ती आखूड होते आणि तिच्यातले अनुनाद (ज्या कंपनांवर ती पोकळी जास्त घुमते ती) वर सरकतात; ओठ पुढे आले की उलटं. १९८० साली संशोधक व्हिव्हियन टार्टर यांनी श्रोत्यांना नुसता आवाज ऐकवला, तरी बोलणारा हसतोय हे त्यांना ओळखता आलं.

हे कामाला कुठे येतं? सूर उतरल्यासारखा वाटतो, पण ट्यूनर, म्हणजे सुराची उंची मोजणारं यंत्र, बरोबर दाखवतो, तिथे. अशा वेळी सूर चढवायला जाऊ नका, ओठांचे कोपरे किंचित उचला. दात दिसतील इतके ताणलेत तर मात्र आवाज पातळ होईल आणि 'ऊ'-'ओ' बिघडतील.

आता जबडा. माझ्याकडे येणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी इथल्या असतात, त्यांना त्या गळ्याच्या वाटतात एवढंच. जिभेचं मूळ गळ्यातल्या कंठिकास्थी नावाच्या लहानशा हाडाला जोडलेलं असतं आणि स्वरयंत्र त्याच हाडाला खालून टांगलेलं असतं. म्हणून हनुवटी पुढे काढली किंवा जीभ मागे ओढली की ताण थेट स्वरयंत्रापर्यंत पोचतो. तपासायला अंगठा हनुवटीखालच्या मऊ भागावर ठेवा आणि सरगम गा. आरोहात तो भाग दगडासारखा कडक होत असेल, तर जीभ नको तिथे राबते आहे. मग लांब सूर धरून दोन बोटांनी हनुवटी वर-खाली हलवून बघा. सहज हलायला हवी. हलत नसेल तर कानांसमोरच्या सांध्यांवर बोटं ठेवा, जबडा आपल्या वजनाने खाली सोडा आणि 'या-या-या' म्हणत छोटे पलटे (सरावाचे स्वरसमूह) घ्या. जबडा खाली ढकलायचा नाही, सोडायचा. ढकलणंसुद्धा ताणच आहे.

टाळूसाठी जांभई. पूर्ण नाही, सुरू होते तेवढीच. त्या क्षणी टाळूचा मागचा मऊ पडदा वर जातो आणि आत जागा होते. जांभई पुरी केलीत तर जीभ मागे जाऊन आवाज पोकळ होतो; भारदस्त आवाजाच्या हौसेपायी बरेच जण इथेच अडकतात. 'आ' गाताना नाक चिमटीत धरा. आवाज बदलला तर हवा नाकातून जाते आहे.

भुवयांचा स्वरयंत्राशी काही संबंध नाही. तरी तार षड्ज, म्हणजे वरचा सा, आला की त्या वर जातातच, जणू सूर तिथे ठेवलाय. कपाळावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा. भुवया उचलल्या की ती ओढली जाते आणि आपोआप लक्षात येतं. उंच सुरांना खरी गरज असते ती तोंड जास्त उघडण्याची. आवाजाचे अभ्यासक योहान सुंडबेर्ग यांनी दाखवलंय की पाश्चात्त्य ऑपेराच्या सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या, गायिका सूर चढतो तसा जबडा खाली नेतात आणि पोकळीचा अनुनाद सुराशी जुळवून घेतात. तार सप्तकात 'ई' चिरकत असेल तर तिला थोडी 'ए'कडे झुकू द्या. शब्द कळतो, काळजी नको.

तेराव्या शतकातल्या शारंगदेवांच्या 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे २५ दोष दिलेत. दात आवळून गाणारा संदष्ट, भयंकर तोंड वासणारा कराली, कपाळ-मानेच्या शिरा फुगवणारा झोंबक. डोळे मिटून गाणाराही त्यात आहे, निमीलक. पण रियाजात डोळे मिटायला माझी हरकत नाही. कान उघडे राहिले म्हणजे झालं. गच्च मिटले तर मात्र गालही आवळतात.

भावाचं काय? दुःखाचं गाणं म्हणून तोंडाचे कोपरे खाली ओढू नका, त्याने आवाज मंद होतो, करुण नाही. भाव डोळ्यांत येऊ द्या, ओठ शब्दांसाठी मोकळे ठेवा. चेहरा कोरा ठेवणंही मला पटत नाही. प्रेक्षक चेहऱ्यावरूनही ऐकतात: संशोधक विल्यम थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत लोकांनी गायकाची मुकी चित्रफीत बघून दोन सुरांमधलं अंतर किती, याचा बऱ्यापैकी अंदाज बांधला.

शेवटी तुमचं एक पूर्ण गाणं चित्रित करा. आधी आवाज बंद करून बघा आणि चेहरा आवळतो त्या ओळींवर खूण करा. दुसऱ्या दिवशी फोन पालथा ठेवून नुसतं ऐका आणि आवाज आवळतो तिथे खूण करा. दोन्ही खुणा एकाच ओळीवर आल्या तर तिथला जबडा आणि जीभ तपासा. चेहरा वाकडा पण आवाज मोकळा असेल, तर ती ओळ सोडून द्या. आणि हे सगळं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करायला बसू नका.