क्रीपेज कमी पडलं, खाच पाडून सुटलं

निर्यातीच्या सुरक्षा चाचणीत आमचा एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्याला हवी तशी वीज पुरवणारं सर्किट) क्रीपेजवर अडकला. म्हणजे मेन्स (आत येणारी मुख्य वीज) आणि आउटपुट यांच्यातलं, पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर कमी भरलं. बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक सरकवायला जागा नव्हती, म्हणून ऑप्टोकपलरच्या (दोन्ही बाजूंमध्ये प्रकाशातून संकेत पोचवणाऱ्या भागाच्या) पोटाखाली बोर्डाला आरपार खाच पाडली; पृष्ठभागावरची वाट मग खाचेला वळसा घालून लांब होते. खाच किमान १ मिमी रुंद हवी; प्रदूषण श्रेणी २ मध्ये (घर-ऑफिसासारख्या साधारण स्वच्छ जागेत) त्याहून अरुंद खाच सहसा मोजणीत धरत नाहीत. हवेतलं अंतर, म्हणजे क्लिअरन्स, खाचेने वाढत नाही. आमचं ते आधीच पुरेसं होतं, नशीब!

अहवाल सीबी योजनेतून (एकदा केलेली चाचणी इतर सदस्य देशांत मान्य होण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था) घेतला आणि माल जाणाऱ्या देशांचे राष्ट्रीय फरक, म्हणजे त्यांच्या मानकांतले वेगळे नियम, अर्जातच नोंदवले. त्यामुळे बहुतेक चाचण्या तिथे पुन्हा कराव्या लागल्या नाहीत. युरोपची सीई खूण, म्हणजे माल तिथल्या नियमांत बसतो असं सांगणारी खूण, हे निराळं प्रकरण. ड्रायव्हरवर ती उत्पादकच स्वतःच्या जबाबदारीवर लावतो.