रबर बँडवर पळणारी रिमोट कार: आधी रबर, मग गाडी

बॉडी कशी दिसेल, रंग कोणता, स्पॉयलर लावायचा का हे सगळं बाजूला ठेवा. बऱ्याच टीम महिनाभर थ्रीडी प्रिंटिंग करत बसतात, रबर शर्यतीच्या आदल्या आठवड्यात लावतात आणि गाडी १० मीटरवर उभी राहिली की गिअर बदलत सुटतात. पॅसाडीनाच्या आर्टसेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये विद्यार्थ्यांची फॉर्म्युला ई नावाची अशीच शर्यत व्हायची. खेळ साधा आहे, स्टिअरिंगला बॅटरी चालते पण चाकं फिरवायची ती रबरानेच.

आता हिशोब बघा. चांगल्या प्रतीचं नैसर्गिक रबर १० ग्रॅम घेतलं तर त्यातून जास्तीत जास्त १०० ज्यूलच्या आसपास मिळतात, दुकानातल्या साध्या रबर बँडमधून बरेच कमी. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये ९-१० हजार ज्यूल असतात, म्हणजे तुमच्या हातात किती थोडं आहे ते कळलं असेल. पण अर्धा किलोची गाडी ताशी १८ किमी वेगाला न्यायला फक्त ६ ज्यूल लागतात! मग बाकीचं जातं कुठे, तर टायर, बेअरिंग, गिअर, आणि प्रत्येक वळणावर ब्रेक मारून परत वेग घेण्यात.

हे घरीच मोजता येतं. १ मीटरची फळी घ्या, गाडीतलं रबर आणि गिअर सोडवून ठेवा, एक टोक थोडं थोडं उचला आणि हलका धक्का दिल्यावर गाडी एकसारख्या वेगाने उतरत राहील ती उंची बघा. २ सेंमी आली तर रोलिंगचा विरोध वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे अर्धा किलोला १०० मीटरमागे १० ज्यूल. ४ सेंमी आली तर २० ज्यूल गेले आणि अजून गिअर लावलेला पण नाही. बेअरिंगचं सील काढून आतलं ग्रीस धुवा, पातळ तेलाचा एकच थेंब टाका, आणि परत फळीवर सोडा. चाकं एकमेकांना समांतर नसतील तर इथेच पकडली जातात, मला तर ही टेस्ट सगळ्यात आवडते.

आता रबर. विमानाच्या मॉडेलवाले वापरतात ती पट्टी मिळाली तर उत्तम, रबरवाली विमानं १८७१ पासून उडतायत, त्या वर्षी फ्रेंच संशोधक अल्फॉन्स पेनोने पॅरिसमध्ये पीळ भरलेल्या रबरावर छोटं विमान उडवून दाखवलं होतं, त्यामुळे आपल्याला लागणारं बरंचसं ज्ञान त्या लोकांकडे तयार आहे. नियमात रबर ठरवून दिलेलं असेल तर त्यातलाच एक तुकडा घ्या, सामान तोलायच्या हुकवाल्या काट्याला अडकवून ५-६ पट ताणा आणि दर १० सेंमीला वजन लिहा, पण ताणत जाताना पण लिहा आणि सोडताना पण. सोडतानाचे आकडे नेहमी कमी येतात, आणि गाडीला मिळते ती ही सोडतानाची ताकद. ताणताना कितीही जोर लागला तरी त्याचा उपयोग नाही.

रबर वापरायचं दोन प्रकारे: लांब ताणून दोरीने अॅक्सल (चाकाचा दांडा) फिरवायचा, किंवा पीळ भरायचा. ताणायच्या प्रकारात १ मीटरच्या चेसिसवर (गाडीच्या सांगाड्यावर) दोरी जेमतेम ८० सेंमी सुटते, ८ मिमी जाडीच्या रिळावर तिचे ३२ वेढे, आणि ८ सेंमीच्या चाकाला १०० मीटर जायला ४०० फेऱ्या हव्यात, म्हणजे गिअर १:१२ च्या पुढे आणि दोन-तीन जोड्यांत घर्षण. तरी हाच करायचा असेल तर रीळ शंकूसारखं करा, पूर्ण ताणाला दोरी बारीक बाजूवर आणि ढिली होताना जाड बाजूवर, जहाजावरच्या जुन्या चावीच्या घड्याळात हीच युक्ती असायची.

मी स्वतः पीळवाल्या बाजूचा. कार्बनची नळी हाच चेसिस, रबर तिच्या आत, तुटलं तरी कुणाच्या डोळ्यात जात नाही. पिळाचे २०० वेढे बसले आणि गिअर १:४ ठेवला तर ८ सेंमीच्या चाकावर २०० मीटर झाले. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लांबी तीच ठेवून पट्ट्या दुप्पट केल्या तर टॉर्क (फिरवायचा जोर) दुप्पट होत नाही, जवळजवळ पावणेतीन पट होतो आणि वेढे सुमारे ३० टक्के कमी बसतात. म्हणून गाडी उठत नसेल तर दोनच पट्ट्या वाढवून बघा. मागचं एकच चाक पॉवरला जोडा, दुसरं मोकळं, वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलची गरज राहत नाही, थोडी एका बाजूला ओढेल ती रिमोटवरच्या ट्रिमने (स्टिअरिंगच्या बारीक समायोजनाने) सरळ होते. आणि त्या चाकात वन-वे बेअरिंग (एकाच दिशेला जोर देणारं, बाकी मोकळं फिरणारं) हवंच हवं, नाहीतर रबर संपलं की तेच ब्रेक बनतं.

रिमोटमध्ये एक घोळ ठरलेला. नेहमीच्या आरसी (रिमोट) कारमध्ये रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या डबीला, करंट मोटरचा वेग सांभाळणाऱ्या स्पीड कंट्रोलरमधून येतो, इथे इलेक्ट्रिक मोटरच नाही म्हणून तो पण नाही. ४ रिचार्जेबल सेल सरळ रिसीव्हरला द्या किंवा लायपो (लिथियमची बॅटरी) असेल तर मध्ये ५ व्होल्टचा रेग्युलेटर टाका, ७.४ व्होल्ट थेट दिले तर ९ ग्रॅमचा सर्वो (स्टिअरिंग वळवणारी छोटी मोटर) जळतो. दोन सर्वो पुरे, एक स्टिअरिंगला, दुसरा रबराच्या शाफ्टवरच्या ब्रेकला. वळणाआधी चाक दाबून गाडी थांबवू नका, रबर सुटणं थांबवा, गाडी वन-वेवर घरंगळत वळते आणि पीळ शिल्लक राहतो. ड्रायव्हरने ही सवय १५-२० राउंड तरी करायला हवी.

रबराला व्हॅसलीन किंवा ग्रीस कधीच लावू नका, पेट्रोलियमने ते खराब होतं. सिलिकॉन ऑइल लावा, जुने लोक ग्लिसरीन आणि साबण वापरायचे. नवीन रबर आधी ३-४ पट ताणून दोनेक मिनिटं धरा, सोडा, थोडी विश्रांती द्या, असं तीन-चार वेळा. मग एक मोटर (पीळ भरायच्या रबराच्या जुडीलाच मोटर म्हणतात) मुद्दाम तुटेपर्यंत भरा, वेढे मोजा, शर्यतीला त्याच्या ८० टक्क्यांवर थांबा. भरताना गॉगल घाला, रबर ४-५ पट लांब ओढा, निम्मे वेढे तिथेच द्या आणि उरलेले देत देत हळूहळू जवळ या, नुसतं जागेवर उभं राहून भरलं तर बरेच कमी बसतात.

भरून ठेवलेलं रबर मिनिटामिनिटाला ढिलं पडतं, म्हणून तुमचा नंबर पुकारेपर्यंत भरू नका. तोपर्यंत मोटर काळ्या पिशवीत, सावलीत, आणि एक जादा मोटर तेल लावून तयार.