जप्तीची दरखास्त आली, तर कायदा काय वाचवतो?

हुकूमनामा (पैसे द्या असा न्यायालयाचा निकाल) हातात आला की धनको, म्हणजे ज्याचं देणं आहे तो, त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात दरखास्त लावतो आणि मग बेलिफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, दारात येतो. त्या घाईत घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने करू नका. धनकोंना बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द होऊ शकतं. पुढे नादारीचा (कर्ज फेडता येत नाही असं जाहीर करण्याचा) अर्ज केलात, तर त्याआधीच्या दोन वर्षांतली बक्षीसपत्रंही उकरली जाऊ शकतात.

खरं संरक्षण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरीतीनुसार बाईला अंगावरून उतरवता न येणारे दागिने जप्त होत नाहीत. म्हणून मंगळसूत्र सुटतं, कपाटातले पाटल्या-हार सुटत नाहीत. कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापुरती जनावरं आणि बियाणंही वाचतं. शेतकऱ्याचं राहतं घर वाचतं, पण तो स्वतः जमीन कसतो आणि मुख्यतः शेतीवरच जगतो हे दाखवावं लागतं. सातबारा आणि पीकपाहणी तयार ठेवा. पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कमही सुरक्षित.

पगाराचा हिशेब असा: पहिले १,००० रुपये सोडायचे, उरलेल्याचा एक तृतीयांशच कापता येतो. जप्तीला पात्र पगार ४०,००० असेल तर कपात १३,०००. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिनेच चालते. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र दोन तृतीयांश जाऊ शकतात.

ही सवलत सोडून देतो असं कर्जाच्या कागदावर लिहून घेतलं असेल, तरी ते कलम ६०(१अ) नुसार निरर्थक. त्या सहीला घाबरू नका. तारण ठेवलेल्या घराला मात्र या यादीचा आधार नाही. तिथे सरफेसीची (बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची) ६० दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्या, आणि बँकेने ताब्याचं पाऊल उचललं की ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जा.

विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ खाली पत्नी-मुलांसाठी घेतलेली विमा पॉलिसीही धनकोंच्या हाताबाहेर राहते. पण हा पर्याय पॉलिसी घेतानाच नोंदवावा लागतो, आणि पॉलिसी धनकोंना फसवण्यासाठी घेतली असं सिद्ध झालं तर तिच्या रकमेतून त्यांचं देणं फेडलं जाऊ शकतं.

बेलिफने वाचणारी वस्तू यादीत घेतली, तर पंचनाम्यावर तिथेच हरकत लिहा आणि लिलावाआधी त्याच न्यायालयात अर्ज द्या. भावाची किंवा आईची वस्तू ओढली गेली असेल, तर त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ५८ खाली स्वतः दावा सांगायचा. लिलाव होऊन गेला की तो दावा ऐकला जात नाही.