हाल्टन आर्पचं म्हणणं घरबसल्या कसं तपासायचं

आधी एक सांगतो, आर्प हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ, म्हणजे यूट्यूबवर बसून बिग बँग खोटा म्हणणारा कुणी नव्हे. हार्वर्ड, कॅलटेक, मग पालोमार वेधशाळेत बरीच वर्षं, १९६६ ला ३३८ वेड्यावाकड्या गॅलक्सींचा अ‍ॅटलास काढला तो आजही वापरात आहे. पुढे म्हणायला लागला की क्वेझारच्या (ताऱ्यासारखा ठिपका दिसणाऱ्या, फार तेजस्वी गॅलक्सी-गाभ्यांच्या) रेडशिफ्टवरून, म्हणजे प्रकाश लाल बाजूला किती सरकलाय त्यावरून, अंतर काढताच येत नाही, हे क्वेझार जवळच्या गॅलक्सींनी बाहेर फेकलेत. ऐंशीच्या दशकात दुर्बिणीवरचा वेळ बंद झाला, मग जर्मनीत मॅक्स प्लांक संस्थेत गेला, २०१३ ला म्युनिकलाच वारला.

आता कामाचं. ब्राउझरमध्ये अलादिन लाइट हा आकाशाचा नकाशा उघडा, फुकट आहे, आणि सर्चमध्ये एनजीसी ४३१९ ही गॅलक्सी टाका. शेजारी ठिपका दिसतो ना, तो मार्केरियन २०५ हा क्वेझार, आर्पचं लाडकं उदाहरण, जोडी एकमेकांना चिकटलेलीच वाटते. लगेच मत बनवू नका. सिंबाद या खगोलीय वस्तूंच्या ऑनलाइन डेटाबेसवर दोघांची रेडशिफ्ट बघा, गॅलक्सीची साधारण ०.००४५ आणि त्या ठिपक्याची ०.०७१, म्हणजे पंधरापट फरक. आर्प म्हणायचा दोघं जोडलेले आहेत. पण हबल दुर्बिणीने त्या ठिपक्याचा स्पेक्ट्रम घेतला तर त्यात पुढच्या गॅलक्सीतल्या मॅग्नेशियमच्या शोषण रेषा (वाटेत गिळलेल्या प्रकाशाच्या खुणा) सापडल्या, म्हणजे ठिपका मागे आहे, उजेड गॅलक्सीतून गाळून येतोय. माझ्यासाठी ही जोडी तिथेच संपली.

एका जोडीने सगळं संपत नाही हेही खरं. आर्पचा खरा मुद्दा होता की गॅलक्सींभोवती क्वेझार जास्तच दिसतात, आणि इथेच सगळे घसरतात. गॅलक्सीभोवती एक वर्तुळ धरून आतले क्वेझार मोजा, मग लांबच्या रिकाम्या आकाशात तेवढीच दहा-बारा वर्तुळं धरून तिथले मोजा. वर्तुळ केवढं ते मोजायच्या आधी ठरवा, नंतर वाढवलं की चीटिंग. आणि मोजायला सिंबाद नको, कारण गाजलेल्या गॅलक्सीभोवती लोकांनी शोधाशोधच जास्त केलेली असते म्हणून तिथे क्वेझार जास्त नोंदलेले असतात, स्लोनसारख्या, आकाशाचा मोठा भाग एकाच पद्धतीने पाहणाऱ्या सरसकट सर्व्हेचा कॅटलॉग घ्या. मी पहिल्यांदा हीच चूक केली आणि दोन दिवस उड्या मारत होतो की आर्प बरोबर निघाला :)

आपले नारळीकर सर आर्पच्या निरीक्षणांकडे गंभीरपणे बघायचे. नवीन जन्मलेल्या पदार्थातल्या कणांचं वस्तुमान सुरुवातीला कमी असतं आणि काळानुसार वाढतं, म्हणून त्याचा प्रकाश जास्त लाल दिसतो, अशी ती कल्पना, १९९३ ला दोघांचा पेपरही आला. मला ती पटत नाही पण निदान गणित मांडलेलं आहे, तपासता येतं.

दुसरा सराव हवा असेल तर स्टेफान्स क्विंटेट घ्या, आकाशात एकत्र दिसणाऱ्या पाच गॅलक्सी. चार गॅलक्सी सेकंदाला ५७०० ते ६७०० किमी वेगाने लांब जातायत आणि पाचवी, एनजीसी ७३२०, फक्त ८०० च्या आसपास. हबलच्या फोटोत ७३२० झूम करा, सुटे सुटे तारे दिसतील, म्हणजे ती जवळ आहे, बाकीच्यांत तसे दिसतायत का बघा. डोळ्यांनी बघायचं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात शहराबाहेर अंधारात दहा इंची दुर्बीण घेऊन जा, शहरातून प्रयत्नसुद्धा करू नका.