गोल डब्यावर गिफ्ट पेपर चुरगळतो, टेप सुटते: माझा अनुभव

आईच्या वाढदिवसाला कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठासाठी स्टीलचा गोल डबा घेतला. व्यास 18 सेंमी, उंची 20. जळगावचा मे महिना. कडेचा कागद गोळा होऊन फाटायचा, चिकटवलेली टेप तासाभरात उचलायची. तीन कागद वाया गेले, फार वाईट वाटलं. चकचकीत कागद, जास्त टेप, खोक्यात घालणं, सगळं करून पाहिलं. खोक्यात डब्याचा आकारच हरवतो, ते मला पटलं नाही.

शेवटी जमलं ते असं. आधी कूलर बंद केला. त्याच्या ओलसर हवेने कागद लुळा पडतो. डबा कोरड्या फडक्याने पुसला, तेलाचा हात लागला असेल तर टेप धरत नाही. दोऱ्याने घेर मोजला, 57 सेंमी भरला. त्यात 3 मिळवून कागद 60 लांब कापला. रुंदी उंची अधिक व्यास, म्हणजे 38. दोन्हीकडे बरोबर 9 सेंमी उरतात. कागद साधा, जाडसर घ्या.

घट्ट गुंडाळून जोड आतून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवला. मग जोडापासून सुरुवात करून कड मध्याकडे दुमडली, दर 2 सेंमीवर एक चुणी, सगळ्या एकाच दिशेने, साडीच्या निऱ्यांसारख्या. प्रत्येक चुणी नखाने दाबायची, घाई इथेच नडते. शेवटची चुणी पहिलीखाली सारली, मधोमध टेप, वर 5 सेंमीची कागदी चकती. दुसरी बाजूही तशीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही चुणी सुटली नव्हती.