वाईनच्या बाटलीला भुलायचं नसेल तर काय बघायचं

वाईन शॉपमध्ये चाखून बघायची सोय नसते, त्यामुळे आपण पसंत करतो ती खरं तर बाटली आणि लेबलच, आणि कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं माहितीये.

आधी आकार बघा, तो थोडंफार खरं बोलतो. खांदे ताठ असले की बोर्डो (फ्रान्समधला वाईनचा भाग) स्टाईल, म्हणजे बहुतेक कॅबरने, मर्लो नाहीतर सोविन्यों ब्लां या जातीची द्राक्षं. खांदे उतरते असले की बर्गंडी (हाही फ्रान्समधलाच भाग), त्यात शार्दोने, पिनो न्वार. उंच सडपातळ असेल तर रीजलिंग वगैरे. हा काही कायदा नाही, नुसती पद्धत, म्हणून द्राक्षाचं नाव लेबलवर वाचाच.

वजनाला मात्र अजिबात फसू नका. शॅम्पेनची बाटली ८०० ग्रॅमच्या वर असते कारण आत ५-६ अ‍ॅटमॉस्फियरचं प्रेशर असतं, साध्या रेड वाईनमध्ये कसलं आलंय प्रेशर, तिला ४०० ग्रॅमची काच पण पुरते, बाकीचे पैसे काचेचे आणि ट्रकभाड्याचे. तळाचा खळगा पण तसाच, अंगठा जेवढा आत जाईल तेवढी वाईन भारी असं काउंटरवरचे दादा छातीठोकपणे सांगतील, आपण नुसतं हो म्हणायचं.

आता काचेचा रंग, आणि हे खरंच महत्त्वाचं आहे. रोझे म्हणजे गुलाबी वाईन पारदर्शक बाटलीत भरतात कारण तो गुलाबी रंगच विकला जातो, पण उजेडाने वाईन बिघडते, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो, आणि त्याला ऊनच लागतं असं नाही, ट्यूबलाईट पण पुरते. लुई रोडेरर या शॅम्पेन कंपनीने १८७६ मध्ये रशियाच्या झारसाठी क्रिस्टल शॅम्पेन काढली ती पारदर्शक आणि सपाट तळाची, खळग्यात कोणी बॉम्ब लपवेल अशी झारला भीती होती म्हणे! आजही ती बाटली उजेड अडवणाऱ्या पिवळसर कागदात गुंडाळून विकतात. आपल्या रोझेला कोण कागद गुंडाळणार, म्हणून शेल्फवरची पुढची बाटली सोडून मागची मागा, शक्यतो खोक्यातली.

बूच की स्क्रू कॅप यावर वाद घालू नका. लवकर प्यायच्या वाईनला स्क्रू कॅप उत्तम, बुचाचा कुबट वास लागत नाही, आणि नाशिकच्या बऱ्याच वाईन तशाच येतात.

लेबलवरच्या चित्राचं काय? बोर्डोची नामांकित वाईन कंपनी मूताँ रोथशिल्ड १९४५ पासून दरवर्षी नवीन चित्र छापतं, १९७३ ला पिकासो होता, ते वर्ष द्राक्षांसाठी तसं सुमारच पण बाटल्या आजही लोक जपून ठेवतात. रिझर्व्ह या शब्दावर पण डोळे झाकून जाऊ नका, स्पेनच्या रेडवर रेझेर्वा असेल तर किमान ३ वर्षं मुरवलेली असते, ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर त्याला कायद्याने काही अर्थ नाही. त्यापेक्षा बाटली फिरवा आणि मागे साल, गाव आणि वाईन कोणी बनवली ते वाचा, व्हाईट किंवा रोझे असेल तर ताजं साल घ्या.

हां, साहेबांना गिफ्ट द्यायची असेल तर वरचं सगळं विसरा, जड बाटली, बूच आणि सोनेरी अक्षरं, डोळे झाकून घ्या.